चालत्या गाडीचा फोटो

भिमा गेली त्या दिवशी मी लासुर्ण्यात एका लग्नाचे फोटो काढत होतो. अक्षता पडायची वेळ होती. मी स्टुलावर उभा, दोन्ही हातांत कॅमेरा, आणि खिशातला फोन थरथरत होता. अक्षतांचा फोटो चुकला तर परत घेता येत नाही, म्हणून मी फोन तसाच वाजू दिला. सात वेळा वाजला. नंतर बघितलं तर सगळे फोन आमच्या गावाहून, कन्हेरीहून, शेजारच्या कुंडलिकचे. मी लावला.

"दादा, निघ लगेच," तो म्हणाला. "वहिनी गेल्या."

माझी बायको रानात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. बांधता बांधता कलंडली. फोन लगेच उचलला असता तरी काही झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर मी विश्वास ठेवला.

रात्री सगळं उरकून आल्यावर कुंडलिक म्हणाला, "वहिनींचा एखादा चांगला फोटू दे. फाट्यावर फ्लेक्स लावायचाय."

बारामतीत माझा स्टुडिओ आहे, सव्वीस वर्षं झाली. कॉम्प्युटर उघडून बसलो. हजारो नवऱ्या निघाल्या, त्यांच्या करवल्या, मावश्या, आत्या निघाल्या. भिमा कुठं ताट वाढताना अर्धी, कुठं कुणाच्या तरी खांद्यामागं, कुठं तोंडापुढं हात धरलेली. तिचा एकटीचा फोटो नव्हता. शेवटी तिच्या आधार कार्डावरचा मोठा करून दिला. त्यात तिचे डोळे अर्धे मिटलेले आहेत.

दहाव्याला माझ्या मागंच कुणीतरी बोललं, "फोटोग्राफरची बायको, न फोटू आधार कार्डावरचा व्हय?"

"घरच्या माणसाला कोण इचारतंय," दुसरा म्हणाला.

मी मान वळवली नाही. एक फोटो होता आणि तो मीच पुसला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी भिमा स्कूटी शिकली. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. भाजीची क्रेट मागं बांधून रोज बारामतीच्या मंडईत जायची. त्याआधी टेम्पोवाल्याची वाट बघत बसावं लागायचं. एक दिवस मला म्हणाली, "अहो, माझा एक फोटू काढा. गाडी चालवताना."

"स्टँडवर लाव आन बस. काढतो."

"उभ्या गाडीवर कुणीबी बसतंय. चालती पाहिजे."

मी फाट्यावर उभा राहिलो. ती आली, मी बटण दाबलं. फोटो अगदी स्वच्छ आला. पदर कमरेला खोचलेला, तोंडभर हसणं. तिनं स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "आवं, ही तर उभीच दिसती. चाललीय कुठं?"

तिचं बरोबर होतं. मी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं होतं. त्यात चाकंसुद्धा थांबलेली दिसतात. तिनं कुणाच्या तरी मोबाईलवर वेगळा फोटो बघितला होता. "त्यात गाडी ठळक दिसती न मागची झाडं पळत्यात. तसा काढा की."

मला तसा काढता येत नव्हता. तेवीस वर्षं मी लोकांना "हलू नका" म्हणत आलो होतो. येत नाही, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. मी म्हणालो, "तसा फोटो निघत न्हाय. ती कॉम्प्युटरवरची करामत असती."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

त्याच संध्याकाळी एक हळद होती. कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं. नको ते फोटो पुसले, त्यात तोही पुसला.

ती गेल्यावर दीड महिन्यानं भिगवणला काम आलं. लग्न ठरलेल्या जोडप्याचे धरणाच्या पाण्यावर फोटो काढायचे होते. नाववाला गोकुळ पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. जोडपं कपडे बदलायला गेलं तेव्हा त्यानं मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. रोहित पक्षी उडतोय, त्याचा डोळा लख्ख, आणि मागचं पाणी नुसत्या रेघा.

"कॉम्प्युटरवर केलाय?" मी विचारलं.

"न्हाय हो तात्या. ह्याच नावंत बसून काढलाय एका बाईनं. पॅनिंग म्हणत्यात. शटर हळू ठेवायचं, सेकंदाच्या तिसाव्या-बिसाव्या भागावर. पक्षी जाईल तसं कमरंतनं वळायचं त्याच्यासंगं. आन बटण दाबलं म्हणून थांबायचं न्हाय, वळतच ऱ्हायचं. लोक हितंच चुकत्यात." मग तो हसला. "तुमी एवढे जुने फोटोग्राफर, मी काय शिकवायचं तुमास्नी!"

मी पण हसलो. समजावून सांगायला त्याला दोन मिनिटं लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी फाट्यावर उभा राहू लागलो. गोकुळनं सांगितलं तिथंच मी चुकत होतो. बटण दाबलं की माझे हात आपोआप थांबायचे, श्वाससुद्धा धरला जायचा. मोटारसायकलवाले कधी जोरात, कधी हळू. टमटम मध्येच वळायची. एकच गाडी रोज एकाच वेळी, एकाच वेगानं यायची. ती योगिनीची स्कूटी होती. योगिनी अंगणवाडीत काम करते. शिकायला तीच सोपी पडत होती, म्हणून मी तिचेच फोटो काढत राहिलो. तिला विचारावं, असं मला सुचलं नाही. चार दिवसांत साठेक फोटो झाले असतील.

पाचव्या दिवशी ती पुढं गेली आणि गाडी वळवून परत आली. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण होते. कुंडलिकही होता.

"काका, चार दिवस बघतीय मी. काय चाललंय तुमचं?"

"शिकतोय."

"काय शिकताय?"

"फोटो काढायला."

"अख्ख्या तालुक्याची लग्नं काढली, न आता शिकताय व्हय?" टपरीवर कुणीतरी हसलं. "दाखवा बरं," योगिनी म्हणाली.

मी कॅमेरा दिला. ती एकेक फोटो पुढं सरकवत गेली. "ह्या सगळ्यांत मीच की! माझ्या घरी कळलं तर मलाच इचारतील, तुला कसं ठाव न्हाय म्हणून. मी काय सांगू?"

कुंडलिक हळूच म्हणाला, "दादा, वहिनींना जाऊन दोन महिनं न्हाय झालं."

भिमाचं नाव घेतलं असतं तर योगिनी गप्प झाली असती. पण नाव घेतलं की पुढचं सांगावं लागलं असतं. फोटो निघत नाही असं मी बायकोला खोटं सांगितलं, हे त्या टपरीसमोर म्हणावं लागलं असतं. मी कॅमेऱ्यासाठी हात पुढं केला.

"डिलीट करा. माझ्यासमोर."

मी एकेक करून पुसले. कॅमेरा दर वेळी विचारत होता, नक्की पुसायचा का? बहुतेक सगळे हललेले होते. त्यातला एक बरोबर आला होता. योगिनीचा चेहरा स्पष्ट, हँडलवरचे हात स्पष्ट, आणि मागचा ऊस सगळा पळतोय. भिमाला हवा होता तसाच. तोही पुसला.

रविवारी माझी मुलगी प्रगती इंदापूरहून आली. तिच्या सासरपर्यंत गोष्ट पोचली होती. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "अण्णा, लोक काय बोलत्यात? खरं सांगा."

मी सगळं सांगितलं. पुसलेला फोटो, खोटं बोललो ते, गोकुळ, योगिनी. तिनं भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघितलं.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला येत नाही ते. तेव्हाच फोनवर हसत होती. म्हणाली, तुझ्या अण्णाला जमत न्हाय, म्हणून निघत न्हाय म्हणत्यात. पण तू बोलू नकोस हं, चार लोकांत मान हाय त्यांचा."

तीन वर्षं ती माझं खोटं सांभाळून राहिली. मी ते एका सकाळपुरतं बोललो आणि विसरून गेलो होतो.

"आता येतंय का?" प्रगतीनं विचारलं.

"एक आला होता."

"मग योगिनीताईच्या घरी जा. तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर हेच सगळं सांगा. मला सांगितलं तसं. तिची काय चूक होती?"

"जातो," मी म्हणालो.

त्याला आता तीन आठवडे झाले. भिमाची स्कूटी शेडमध्ये स्टँडवर उभी आहे. भिंतीवर आधार कार्डाचाच फोटो आहे. योगिनीनं रस्ता बदललाय. ती फाट्यावरून येत नाही, कॅनॉलकडून जाते. तिला तीन किलोमीटर जास्त पडतात. मी तिच्या घरी अजून गेलेलो नाही.