वाफेपेक्षा लाडकी बाटली

मित्रांनो, मी एक जुना स्टीमर आहे, वाफ घ्यायचा. पोटात पाणी आणि वर नाक बसेल एवढं तोंड, इतकाच माझा पसारा. या घरातल्या चिऊचं नाक सदा चोंदलेलं. झोपली की तोंड उघडं, आणि घोरणं एखाद्या पैलवानासारखं! बाबा मला लावायचे. जरा वेळ तिला मोकळं वाटायचं. "हा नसता तर आपलं काय झालं असतं!" बाबा म्हणायचे आणि मी वाफेपेक्षा जास्त फुगायचो.

मग ती आली. अंगठ्याएवढी बाटली, नाकात मारायच्या स्टिरॉइडच्या फवाऱ्याची. नाकाच्या मागे अ‍ॅडेनॉइड नावाचे मांसल गोळे वाढलेत, वाफेने ते आकसत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. फवाऱ्यानेही फरक पडला नाही, तर ऑपरेशन.

तिला आईच्या उशाशी जागा मिळाली आणि मला कपाटावर. माझा नुसता जळफळाट झाला. ना वाफ, ना आवाज, कसलं आलंय औषध!

आणि खरंच, चिऊचं घोरणं थांबेना. मला गुदगुल्या होत होत्या. पुढच्या तपासणीहून आई तणतणतच आली.

"रोज मारायचा होता तो! तुम्ही नाक चोंदलं की मारत होतात?"

"अगं, स्टीमरचं तसंच करायचो ना."

"तो काय स्टीमर आहे? सूज हळूहळू उतरते म्हणाले. आता नीट करून बघू, नाहीतर ऑपरेशनची तारीख घ्यायची."

"बाबा, मला नाही जायचं ऑपरेशनला," चिऊ रडवेली झाली.

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. मान किंचित पुढे, बाटलीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. मी वरून पाहत होतो, जळत होतो.

काही आठवड्यांनी एका दुपारी चिऊ झोपली होती. आवाजच येईना. आई घाबरून वाकली. पोरीचं तोंड मिटलेलं होतं आणि श्वास नाकातून चालला होता. "अहो, इकडे या," आई कुजबुजली, आणि दोघं नुसती बघत उभी राहिली. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन तूर्त नको.

माझ्या वाफेने असं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं.

मित्रांनो, रोजचं औषध रोजच घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मलाही कधी काढलंत, तर मोठ्यांच्या हातानेच, आणि नंतर पाणी ओतून कोरडं करा. त्या बाटलीचं टोक आई रोज मऊ कापडाने पुसते. मला इथून सगळं दिसतं.