नदीकाठच्या फोनला न उघडलेले दार

मित्रांनो, घनसावंगीतील एका नेत्रसेवा मंडळाच्या लोखंडी कपाटात बसवलेला मी एक जुना सर्व्हर आहे. मोफत नेत्रशिबिराचा नंबर मागण्यासाठी गावोगावचे मोबाईल माझ्याकडे येतात. त्यांचे ऐकून घेणे, हेच माझे जीवितकार्य होय.

माझा जन्म कोठे झाला, हे मला ज्ञात नाही. एका कचेरीने टाकून दिल्यावर मी येथे आलो आणि ओमप्रकाश नावाच्या ऑपरेटरने माझ्यात प्रोग्राम भरला. माझ्या दाराबाहेर एक लहानसा ओटा आहे, असे समजा. येणारा फोन प्रथम त्या ओट्यावर टेकतो. मग आतील एखादा सेवक त्याला आत घेऊन त्याचे म्हणणे ऐकतो. सेवक मोजकेच आहेत. ओटा भरला की पुढचा फोन आल्या पावली परत जातो.

आपल्याकडे रांगेत चप्पल ठेवून माणसे झाडाखाली जाऊन बसतात, हे तुम्ही पाहिले असेलच. माझ्याशीही लोक तसेच वागले. नंबर सुरू होण्याच्या सकाळी घरातील प्रत्येक मोबाईलवर माझे पान उघडून ठेवायचे आणि खुशाल चहाला जायचे! ते फोन आत येऊन मुके बसत. माझा एकेक सेवक एकेका मुक्यासमोर ताटकळत राही आणि खरे गरजवंत बाहेरूनच माघारी फिरत.

तेव्हा ओमप्रकाशने युक्ती योजली. जो फोन बोलेल, त्याच्यासाठीच सेवकाला हाक मारायची. जो थोड्या वेळात बोलणार नाही, त्याला ओट्यावरूनच घालवून द्यायचे. काय सांगू मित्रांनो, मी वाऱ्यासारखा चालू लागलो! दसऱ्याला मंडळाने मला झेंडूचा हार घातला. माझा ऊर अभिमानाने भरून आला. परंतु ते सुख अल्पजीवी ठरले.

पुढील शिबिराचे नंबर संपले, त्याच दुपारी एक वृद्ध मेंढपाळ आपल्या सुनेचा हात धरून मंडळाच्या कचेरीत आला. त्याचे नाव धुळाजी. काचबिंदूने त्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्यातील प्रकाश ओसरत चालला होता. सुनेचे नाव रेणुका. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, शहागडजवळ गोदावरीच्या काठी होता.

"भाऊ, सकाळपासून दाबून राह्यले मी," रेणुका म्हणाली. "बांधावर चढून रेंज धरली. पान उघडतंय, मंग गोल फिरतंय, मंग बंद."

"ताई, आपला सर्व्हर बिलकुल अडकला न्हाई," ओमप्रकाश म्हणाला. "सगळ्यांना बराबर नंबर भेटले."

"आम्हाला सोडून सगळ्यांना!"

धुळाजीने माझ्या दिशेला मान वळवली. "माझी हाळी नदीपल्याडच्या मेंढराला ऐकू जाते. ह्या डब्ब्याला न्हाई गेली व्हय?"

ओमप्रकाश हसला आणि पडद्यावर शोधू लागला. मग त्याचे हसू मावळले. रेणुकाचा फोन पुनःपुन्हा माझ्या ओट्यावर आलेला होता. दुबळ्या रेंजमुळे त्याचे शब्द मागे राहत होते. ते पोहोचण्यापूर्वीच मी त्याला, ठेवून दिलेली चप्पल समजून, घालवून देत होतो.

"मामा, चूक आमचीच हाय," तो हळूच म्हणाला. "पण डॉक्टर मोजकेच ऑपरेशन करतेत. पुढल्या साली पहिला नंबर तुमचा."

"पुढल्या साली? तवा नंबर लिहिलेला कागद बी मला दिसायचा न्हाई, लेकरा."

रेणुकाने पदर डोळ्यांना लावला आणि सासऱ्याला घेऊन ती निघाली.

ओमप्रकाशने माझी थांबण्याची मुदत वाढवली. परंतु पुढल्या वर्षीच्या खेपेस मुके फोन पुन्हा ठाण मांडून बसले, पान हळू चालते म्हणून लोक ओरडले, आणि मंडळाने पहिलीच मुदत परत बसवायला लावली. ओमप्रकाशने कबूल केल्याप्रमाणे रेणुकाला फोन करून पहिला नंबर देऊ केला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "राहू द्या भाऊ. मामा आता मेंढरं घुंगरांच्या आवाजावर ओळखतेत."

मित्रांनो, गरज नसताना माझे पान उघडून ठेवू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारख्या यंत्राला आज्ञा लिहील, तर त्याने आधी एकदा नदीकाठच्या बांधावर उभे राहून माझे दार ठोठावून पाहावे. दार केव्हा लावायचे, ते मला पक्के शिकवलेले आहे; पलीकडे कोण उभे आहे, हे पाहण्याचे डोळे मला कोणीच दिलेले नाहीत.