चपलांपाशी विमलाआत्या

घरच्या कुठल्याही सहलीत चपलांपाशी बसायला एक माणूस लागतं. हे काम कुणी कुणाला सांगत नाही. ते आपोआप कुणाच्या तरी गळ्यात पडतं. शंतनुच्या घरात ते वर्षानुवर्षं विमलाआत्यांच्या गळ्यात पडलं होतं. लग्न केलेलं नाही, स्वभाव गरीब, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "तुम्ही या जाऊन, मी बसते."

पण सत्त्याण्णवच्या मे महिन्यात आत्या कराडहून बंगळूरला भाच्याकडे, शंतनुकडे आल्या, त्या काही चपला राखायला नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी चौथीला इतिहास शिकवला होता. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर, तिथला किल्ला, आईचा हात धरून तिथे गेलेले लहानगे शिवाजीराजे, हे सगळं त्यांनी दर वर्षी हातवारे करकरून सांगितलं होतं. किल्ला मात्र डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता.

"तेवढा एक दाखव गं मला," आल्या दिवशीच त्या शंतनुच्या बायकोला, नीलिमाला म्हणाल्या. "आत्ताचा दगडी आहे तो नंतरचा, ठाऊक आहे मला. पण जागा तर तीच ना? बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल."

"अहो आत्या, त्यात काय!" भाचेसुनेने सांगून टाकलं.

या 'त्यात काय'मध्ये सात दिवस गेले. शंतनुचं ऑफिस होतं, पाच वर्षांचा शार्दूल होता, आणि घर शहराबाहेर, येलहंक्याला; तिथून गावात जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. शेवटी आत्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, टॅक्सी ठरली. नंदीच्या देवळात आत्या चपलांपाशी बसल्या. गवी गंगाधरेश्वराच्या गुहेपाशी पुन्हा चपला. लालबागेत चपला काढायच्या नव्हत्या, तर पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या होत्या.

नीलिमाला हे दिसत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. चांगलं दिसत होतं. दर वेळी ती "आत्या, तुम्ही पण चला ना" म्हणायची, फक्त चार पावलं पुढे गेल्यावर म्हणायची. वर चिकपेटेत साड्या बघण्यात तिने सव्वा तास घालवला.

किल्ल्याशी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. मार्केटच्या गर्दीत टॅक्सी पार लांब, फुलांच्या ट्रकांमागे उभी करावी लागली. तिथून किल्ल्याचा दगडसुद्धा दिसत नव्हता. "स्वल्प जल्दी जाओ अम्मा, गेट बंद करेगा," ड्रायव्हर म्हणाला.

आत्यांनी एक पाय टॅक्सीबाहेर टाकलाही होता. पण शार्दूल त्यांच्या मांडीवर गाढ झोपला होता.

"आम्ही पाच मिनिटांत फोटो काढून येतो," नीलिमा म्हणाली. "मग मी बसते याच्यापाशी, तुम्ही जा."

आत्यांनी पाय आत घेतला. "या जाऊन," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरलेला नीलिमाने पाहिला, आणि पाहूनही ती गेली.

आत तीन फोटो झाले आणि रोल संपला. नवा घालताना शंतनुची बोटं अडखळत होती. राखणदार चाव्यांचा जुडगा वाजवू लागला. बरं, त्या क्षणी नीलिमाला आत्यांची आठवण झाली नाही असंही नाही. झाली. तरी ती म्हणाली, "एकच, दरवाज्याला टेकून माझा एकटीचा." तो एक होईपर्यंत वेळ सरली. ती दोघं बाहेर पडली आणि मागे दार लागलं. एका म्हाताऱ्या बाईंना तेवढं बघू द्या, म्हणून शंतनुने हात जोडले. "नाळे बन्नी," उद्या या, एवढंच म्हणून राखणदार वळला. उद्या सकाळी सहाला आत्यांची गाडी होती.

टॅक्सी निघाली. गेट बंद झालं, एवढंच शंतनुने आत्यांना सांगितलं होतं. नीलिमा मनातल्या मनात सबबी जुळवत बसली होती. चोराच्या मनात चांदणं.

"नीलिमा," आत्यांनी हाक मारली, तशी ती दचकली. "त्या दरवाज्यातून अंबारीसकट हत्ती जाईल का गं? मी पोरांना दर वर्षी जातो म्हणून सांगायचे."

"जाईल की! आरामात," नीलिमा घाईघाईने म्हणाली.

आत्या खुलल्या. "बघ! आणि दाराला खिळे आहेत? हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकतात ते. केवढे आहेत?"

नीलिमाने आठवून पाहिलं. शंतनुचा घामेजलेला शर्ट आठवला, स्वतःचा सारखा केलेला पदर आठवला. दार आठवेना. त्याच्याकडे पाठ करून तर ती उभी होती.

"मी बघितलंच नाही, आत्या," ती म्हणाली. "हत्तीचंही उगाच बोलले. आणि पाच मिनिटं होती हो अजून, मीच फोटोसाठी थांबले."

पुढच्या सीटवर शंतनु मान खाली घालून बसला. आत्यांनी शार्दूलचं कलंडलेलं डोकं सरळ केलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठे बघून सांगत होते?"

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं नीलिमाला वाटलं. शार्दूलच्या भाराने आत्यांचा पाय अवघडला होता, तो त्या हळूच हलवून पाहत होत्या. नीलिमाने दोन्ही हात पुढे केले. "द्या त्याला माझ्याकडे," ती म्हणाली. सबंध दिवसात हे ती पहिल्यांदाच म्हणत होती.

"आता कशाला?" आत्या म्हणाल्या.