धडक काही बसेना

सासूबाईंनी आमटी वाढता वाढता जावईबापूंना सांगून टाकलं, "सोमवारपासून माझ्या भावाच्या कोल्ड स्टोरेजला जायचं. पहाटे. पेट्या उचलायला."

जावईबापूंनी उचललेला घास परत ताटात ठेवला. लग्न झाल्यापासून, म्हणजे या घरात राहायला आल्यापासून, त्यांनी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे टीव्हीचा रिमोट. त्यालासुद्धा ते मधूनमधून हात बदलत.

"आई, पण मी धंदा सुरू करतोय."

"कसला?"

"अपघाताचा."

मग त्यांनी सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत मिळवलेलं सगळं ज्ञान ताटाशेजारी मांडलं. चालत्या रस्त्यावर एकदम ब्रेक मारायचा. मागचा येऊन आपटतो. मागून आपटला की चूक त्याचीच. गाडीतल्या माणसाने मान धरून कण्हायचं, आणि मग मागच्याची इन्शुरन्स कंपनी पैसे मोजते. बसून करायचा धंदा आहे, सीटबेल्ट लावून.

"आणि कण्हायचं कोणी?" सासूबाईंनी विचारलं.

जावईबापू नुसते आदराने त्यांच्या मानेकडे बघत राहिले.

सासूबाईंची मान कित्येक वर्षं दुखत होती. मुलीला ते दुखणं पाठ होतं, शेजारणी तो विषय निघाला की गॅसवर दूध ठेवून आल्याचं सांगून पळत. आता कुणी तेच ऐकून वर पैसे देणार म्हटल्यावर त्यांनी पळी खाली ठेवली.

"रविवारपर्यंत जमवा. नाही जमलं तर पेट्या."

शनिवारी सकाळी टोळी निघाली. गाडी जावईबापूंची, म्हणजे कागदावर सासूबाईंची. मागच्या सीटवर सासूबाई, गळ्यात मानेचा पट्टा घरूनच घालून. "ऐन वेळी सापडला नाही तर?" हे त्यांचं म्हणणं. बसथांब्यावर पोपट उभा. पोपट म्हणजे जावईबापूंचा शाळेपासूनचा मित्र, पढवलेलं बोलण्यात पटाईत. त्याला साक्षीदार नेमलं होतं. ब्रेकचा आवाज आला की धावत यायचं आणि ओरडायचं, "भरधाव आली आणि मागून ठोकलं!" एवढंच.

सावज हेरायलाही वेळ लागला नाही. मागून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येत होती, छतावर ‘शिकाऊ’ अशी भलीमोठी पाटी.

"हिची चूक वेगळी सिद्धच करावी लागणार नाही," जावईबापू खूश होऊन म्हणाले. "छतावर लिहूनच फिरतेय. आई, कण्हायला तयार?"

"मी कायमच तयार असते."

जावईबापूंनी करकचून ब्रेक मारला. टायर किंचाळले. सासूबाईंनी "आई गं!" केलं. पोपट बसथांब्यावरून सुटला आणि "भरधाव आली!" करत रस्त्याच्या मधोमध येऊन थबकला. दोन गाड्यांच्या मध्ये एखादा टेम्पो आडवा उभा राहील एवढी जागा होती. पोपटाने एकदा पुढे बघितलं, एकदा मागे बघितलं आणि बूट बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

शिकाऊ गाडी चालवत होत्या एक काकू. साठी उलटल्यावर गाडी शिकायला निघालेल्या. शेजारी बसलेले मास्तर त्यांना म्हणत होते, "शाबास. पुढच्या गाडीचं काही खरं दिसत नाही. अंतर आणखी वाढवा."

"बिचारे! धक्का मारायला उतरू का?"

"तुम्ही फक्त ब्रेकवर पाय ठेवा, काकू."

दुसऱ्या ब्रेकला अंतर दुप्पट झालं. तिसऱ्याला काकू इतक्या मागे राहिल्या, की मध्ये एक सायकलवाला, एक हातगाडी आणि एक रिकामटेकडं कुत्रं आरामात घुसलं. पोपट प्रत्येक वेळी धावत येत होता आणि प्रत्येक वेळी बूट बांधत होता.

"जावईबापू," मागून सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला नोकरी जमली नाही, आम्ही गप्प बसलो. दुकान जमलं नाही, गप्प बसलो. पण अपघात? अहो, लोकांचे न ठरवता होतात."

"ती जवळच येत नाहीये, आई!"

"मग तुम्ही जा तिच्याजवळ. सगळं काय लोकांनीच करायचं?"

जावईबापूंच्या डोळ्यांसमोर पहाट आली, पेट्या आल्या, मामेसासरे आले. सायकल, हातगाडी आणि कुत्रं पुढे निघून गेल्यावर त्यांनी दात-ओठ खाऊन रिव्हर्स टाकला.

काकूंची गाडी एव्हाना घाबरून बंद पडली होती. जावईबापूंची गाडी ढाप्पकन तिच्यावर जाऊन आदळली. पोपट धापा टाकत पोचला आणि बंद गाडीकडे बोट दाखवून ओरडला, "भरधाव आली आणि मागून ठोकलं!"

हां हां म्हणता गर्दी जमली. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, ते जास्त खात्रीने सांगत होते.

जावईबापू उतरले ते थेट मास्तरांकडे. "हे बघा, पोलिसबिलिस नको. आपण माणसं आहोत. गॅरेजवाला माझ्या ओळखीचा, डॉक्टर माझ्या ओळखीचे. तुम्ही फक्त ‘चूक आमची’ असं तुमच्या सहीने लिहून द्या, बाकी तुमचे इन्शुरन्सवाले बघून घेतील."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. शाळेचं नाव खराब होणार या धास्तीने त्यांचा हात पेनाकडे जायला लागला होता. तेवढ्यात काकू मध्ये पडल्या.

"मास्तर, थांबा. चूक कोणाची ते मला कसं कळणार? मी तर शिकतेय. ज्यांना कळतं त्यांना बोलवू या की!" आणि त्यांनी चौकातल्या हवालदाराला असा हात केला, जणू भाचाच दिसला.

हवालदार रस्ता ओलांडेपर्यंत काकूंनी मोबाईल काढून सुनेला व्हिडिओ कॉल लावला. "हे बघ गं! तुला वाटत होतं मी अजून क्लचच शोधतेय. बघ, अपघातापर्यंत पोचले!" मग त्यांनी तिला बंपर दाखवला, नंबर प्लेट दाखवली, पोपट दाखवला. आणि शेवटी मागचं दार उघडून सासूबाई दाखवल्या.

"अगं बाई, मानेला लागलं का हो?"

सासूबाईंकडे आजवर कोणी असं कळवळून बघितलं नव्हतं. त्यांना उमाळाच आला.

"लागलं कसलं! पहिल्यापासून सांगते. मुलगी शाळेत होती तेव्हा एकदा माळ्यावरची परात काढायला गेले..."

"आणि चमक भरली?"

"भरली ती भरलीच! तेव्हापासून हा पट्टा. हा तिसरा. पहिला कुत्र्याने नेला."

"आई!" जावईबापू ओरडले. "धडकेचं सांगा!"

"मध्ये बोलू नका हो. त्या विचारतायत ना आस्थेने!"

फोनमधून सुनेचा आवाज आला, "आई, हे सगळं रेकॉर्ड होतंय हं."

सासूबाईंनी पदर सावरला आणि फोनकडे तोंड करून परातीपासून पुन्हा सांगायला घेतलं.

हवालदार जवळ उभे राहून शांतपणे ऐकत होते. सकाळपासून त्यांना ड्युटीत पहिल्यांदाच मजा येत होती. चारही ब्रेक... म्हणजे तीन ब्रेक आणि एक रिव्हर्स त्यांनी चौकातून नीट पाहिले होते.

"तर मग," ते जावईबापूंना म्हणाले, "कंपनीला फसवायला अपघात घडवला असं लिहू, की मागे न बघता गाडी मागे घेतली असं? पहिल्यात आत जाल. दुसऱ्यात दंड भराल आणि या बाईंचा बंपर करून द्याल."

पोपट कधीच बसमध्ये चढला होता. कुठल्या, ते त्यालाही माहीत नसावं.

जावईबापूंनी केविलवाण्या नजरेने सासूबाईंकडे बघितलं. गाडीत तेवढ्याच एक साक्षीदार होत्या. सासूबाईंनी सावकाश त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू दुकानात पोतं निवडतायत.

"साहेब, या माणसाच्या अंगात फसवण्याएवढी अक्कल आहे का, तुम्हीच सांगा. मी सांगेन ते लिहाल ना? मग एक मिनिट." त्या जावयाकडे वळल्या. "सोमवारी जाणार?"

जावईबापूंनी हवालदारांच्या पेनाकडे बघितलं. पेन कागदावर टेकायला आलं होतं.

"जाणार."

"पहाटे?"

"...पहाटे."

"मागे न बघता घेतली, साहेब," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला. "दादा, माणूस मिळाला रे. नाही, अनुभव कसलाच नाही. हो, घरातलाच. पेट्या उचलेल. पण एक लक्षात ठेव, त्याला गाडीच्या आसपास फिरकू देऊ नकोस."

"आणि पगार?" जावईबापूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"पगार माझ्याकडे दे, दादा," सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या. "बंपर व्हायचाय."