उंबऱ्याबाहेरचा पाय

बनुबाईच्या घरात हौसा रांगत होती आणि रंगूबाईच्या घरात चालत होती. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. बनुबाईचा जळफळाट व्हायला तेवढी पुरे होती.

हौसा रंगूच्या पोटची. जन्मली तीच उजवा पाय गुडघ्याखाली संपलेला घेऊन. ते बघून रंगूने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पोरीला जवळ घेईना. थोरल्या जावेची, बनुबाईची, कूस उजवली नव्हती. तिने पदर पसरला आणि म्हणाली, "घाल माज्या ओटीत." रंगूने भावकीदेखत घातली. पोर बनुबाईची झाली.

हौसा शाळेच्या वयाची झाली आणि दुष्काळही सरला, तशी बनुबाई तिला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेली. नवरा सयाजी पलटणीत, त्यामुळे सगळं हिच्याच गळ्यात. आधी ऑपरेशन, मग जखम भरायची वाट, मग माप. धर्मशाळेच्या आवारात तीन दगडांवर भाकरी भाजत बनुबाई तिथेच राहिली. शेवटी लाकडाचा, चामडी पट्ट्यांचा पाय मिळाला. त्याच्या टोकाला काळा बूट पक्का बसवलेला.

"बूट काढायचा नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "सगळा तोल त्याच्यावर आहे."

पलूसला एसटीतून उतरून बैलगाडीने गावच्या वेशीपर्यंत, आणि तिथून हौसा चालत घरी आली. लोक दारादारात उभे. बनुबाई एवढी ताठ चालत होती की लंगडी कोण ते कळू नये. पण उंबऱ्याशी आली आणि थबकली. बूट चामड्याचा, रस्त्याचं शेण तुडवून आलेला. आत समोरच देव्हारा. वाटणीत घरचे देव थोरल्याकडे आलेले. डॉक्टरांचा शब्द तिने मोडला नाही, बूट काढला नाही. पट्टे सोडले आणि अख्खा पायच काढून चपलांशेजारी भिंतीला टेकवून ठेवला.

हौसा हातांवर रांगत आत गेली. मग हे रोजचंच झालं.

थोड्याच दिवसांत पोर शाळेतून थेट रंगूकडे जायला लागली. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, टाक, टाक. चुलीपासून सोप्यापर्यंत, सोप्यापासून चुलीपर्यंत. दवाखान्यातली रात्रंदिवसाची जागरणं बनुबाईने काढायची आणि चालणं त्या बयेने बघायचं. एक दिवस ती तरातरा गेलीच.

"माजी पोरगी तुज्या घरात कशाला लागतीया?"

"मी बोलवत न्हाई, आक्का. तीच येतीया."

"आन् बूट घरभर फिरवू देतीस. इटाळ न्हाई व्हय?"

रंगू पीठ मळत होती, तशीच मळत राहिली. "देव तुमच्याकडं. पोर बी तुमच्याकडं. ही टाक टाक तेवढी माज्या वाट्याला आलीया, आक्का. ती तरी ऱ्हाऊ द्या."

बनुबाई रागाने माघारी वळली. त्यात रंगूने पुढचं सांगितलं. "यंदा आमची गौर हौसा आणणार हाय. तिनंच म्हटलंय."

घरची गौर घरची लेक आणते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गौर रंगूच्या दारात गेली की साऱ्या गावादेखत लेकही रंगूची. घरी येऊन बनुबाईने हौसाला पुढ्यात बसवलं.

"आपल्या घरची गौर का न्हाई आणत तू?"

"आपल्यात रांगावं लागतं," हौसा म्हणाली. "गौरीचा तांब्या दोनी हातांत धरत्यात. मग रांगायचं कशानं?"

बनुबाईने देव्हाऱ्याकडे पाहिलं.

गौरीच्या दिवशी पोरी विहिरीवरून तेरड्याच्या डहाळ्या खोचलेले गौरीचे तांबे घेऊन आल्या. हौसा सगळ्यांत मागे. रंगू आपल्या दारात ताट घेऊन उभी. बनुबाई अंगणात उतरली आणि हौसाच्या दंडाला धरून म्हणाली, "आदी थोरलीचं दार." रीतीचं बोलणं, त्यावर कोण काय बोलणार? रंगूने ताट खाली ठेवलं आणि आपली गौर आणायला धाकट्या लेकीला हाक मारली.

उंबऱ्याशी येताच हौसाने सवयीने भिंतीला पाठ टेकवली. तांब्या शेजारच्या पोरीकडे देऊन ती पट्ट्यांना हात घालणार, तोच बनुबाईने तो हात धरला.

"ऱ्हाऊ दे."

तिने डाव्या पावलावर पाणी घातलं. बुटावर ओतलं तर चामडं खराब होईल, म्हणून पदर भिजवून तळ घासून पुसला. याच पदरात एकदा पोर घेतली होती. मग पावलावर कुंकू, बुटाच्या टोकावरही कुंकू.

"गौर कशाच्या पावलानं आली?" बनुबाईने रीतीप्रमाणे विचारलं.

"लाकडाच्या," हौसा पुटपुटली.

"सोन्याच्या म्हण."

"सोन्याच्या."

तांब्या पुन्हा छातीशी धरून हौसा उंबरा ओलांडून आत गेली. देव्हाऱ्यापर्यंत टाक, टाक. बनुबाईच्या डोळ्यांना धार लागली, पण कान भिंतीकडेच होते.

"आता चुलीपतूर जा," ती म्हणाली. "आन् पाय जरा जोरात टाक."