धडा संपल्यावरचं रेकॉर्डिंग

माझा आवाज चांगला आहे. हे मीच सांगते, कारण घरात दुसरं कुणी सांगत नाही. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा या आवाजाचं आता करायचं काय, असा प्रश्न पडला होता. अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करून देणाऱ्या एका ग्रंथालयानं तो सोडवला. कायदा शिकणाऱ्या मुलांसाठी मी त्यांची पाठ्यपुस्तकं वाचते. धडा वाचायचा, मग स्वतः पहिल्यापासून ऐकायचा, चुका काढायच्या आणि पाठवून द्यायचा. मुलं तो आपापल्या फोनवर उतरवून घेतात.

माझा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट. दारं सताड उघडून, लटकलेल्या कपड्यांकडे तोंड करून स्टुलावर बसलं की आवाज घुमत नाही. लॅपटॉप खालच्या कप्प्यात, घडी घातलेल्या जाड रजईवर ठेवायचा, म्हणजे त्याची घरघर माइकमध्ये शिरत नाही. ही रजईची युक्ती माझी स्वतःची. आल्यागेल्याला मी ती कौतुकानं दाखवत असे.

त्या दिवशी न्यायाच्या तत्त्वांवरचा धडा होता. परीक्षा तोंडावर आली होती आणि धडा संध्याकाळच्या आत पाठवायचाच होता. अर्ध्यावर आले नाही तोच लॅपटॉपचा पंखा असा काही सुटला की विचारू नका. हात लावून पाहिला, तर वर रुमाल पसरून इस्त्री करता आली असती. आवाज दाबावा म्हणून मी त्याच्यावर शालही टाकली. खाली रजई, वर शाल, आणि याला ताप का भरला म्हणून मीच चिडतेय. दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही दोषी ठरवू नये, हे वाक्य मी ठासून, मध्ये योग्य जागी थांबून वाचलं आणि धडा संपवला.

संपवला तशी शाल काढून फेकत उठले आणि थेट सुनेला हाक मारली.

माझी सून एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. आदल्या दिवशी तिनं आपल्या आठवड्याच्या ड्यूट्या बघायला माझा लॅपटॉप घेतला होता. मला विचारून घेतला होता, हेही सांगायला हवं. ती ओले हात पुसत दारात आली.

"काल तू याला हात लावलास ना? बघ काय करून ठेवलंस."

"आई, मी फक्त ड्यूट्या बघितल्या."

"फक्त म्हणे. कुठलं तरी बटण दाबलं असशील. विस्तव झालाय नुसता."

आणि इथेच, बोलता बोलता, मला आठवलं. आठवडाभर अपडेट करा, अपडेट करा म्हणून एक चौकट सारखी पुढ्यात येऊन बसत होती. त्याच दिवशी सकाळी वैतागून मी तिला 'हो' म्हणून टाकलं होतं. मीच. आठवलं तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण आपलं चुकलं असं कळल्यावर काही माणसांचा आवाज खाली येतो आणि काहींचा वर जातो. मी दुसऱ्या जातीतली.

"तुमच्याकडे चालत असेल दुसऱ्याच्या वस्तूला वाटेल तसा हात लावलेला," मी म्हटलं. "आमच्याकडे नाही चालत. तुझ्या आईनं तुला काही शिकवलंय की नाही?"

ती मधेच काहीतरी म्हणाली. मी ऐकलं नाही.

"यापुढे याला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही."

मी चप्पल घालून बाहेर पडले. कोपऱ्यावर जाऊन, डोकं निवेपर्यंत फिरून परत आले. सून स्वयंपाकघरात होती. कपाटापाशी गेले तर रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलंय असं दिसलं, म्हणून बंद केलं. किती वेळ चाललं होतं ते बघितलंही नाही. पुन्हा ऐकायला लावलं तर तापलेला लॅपटॉप अडखळत होता, शब्दागणिक थांबत होता. वेळ संपत आली होती. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस नाही ऐकलं तर काय आभाळ कोसळतंय. आणि धडा तसाच पाठवला.

दुसऱ्या दिवशी सून कामावर निघताना दारातून, कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली, "अपडेटनंतर एखाद-दोन दिवस आतली कामं चालू असतात म्हणे. टेबलावर मोकळा ठेवला की आपोआप निवतो." ती गेल्यावर लॅपटॉप गुपचूप खोलीतल्या टेबलावर आणून ठेवला. तो निवलाही. मी तिला सांगितलं नाही.

मग फोन आला तो त्या मुलांच्या पुढारणीचा. ही मुलगी जन्मापासून अंध आहे, वर्गाच्या वतीनं सगळीकडे तीच बोलते आणि चांगली स्पष्ट बोलते. त्या दिवशी मात्र चाचरत होती.

"काकू, धडा छान झालाय. पंख्याचा आवाज आहे थोडा, पण चालतंय. फक्त, धडा संपल्यावर पुढेही बरंच काही आहे."

"पुढे काय?"

"तुम्ही एकदा ऐकता का? ग्रंथालयाला सांगून आम्ही तेवढं काढायला लावलंय. पण बऱ्याच जणांनी आधीच उतरवून घेतलं होतं."

मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं?"

"आम्ही सगळेच दुप्पट वेगानं ऐकतो, काकू. त्यामुळे तुम्हीही दुप्पट वेगानं बोलत होतात. सुरुवातीला एक-दोघं हसले. नंतर नाही हसले कुणी. त्या ताई मधे काय म्हणाल्या ते कळेना. आम्ही पुन्हा मागे जाऊन ऐकलं, पण तुमचा आवाज वर होता."

फोन ठेवला आणि कानाला हेडफोन लावून बसले. शाळेत इतकी वर्षं मुलांवर ओरडले, पण ओरडणारी मी कशी असते हे कधी ऐकलं नव्हतं. तोच माझा चांगला आवाज. उच्चार स्वच्छ, शब्दन्‌शब्द सुटा. 'तुझ्या आईनं' यावर मी जोर दिला होता, आणि त्यानंतर मुद्दाम थांबले होते. धड्यात थांबले तशीच. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते त्या खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं. त्या पोरांनी डोळ्यांच्या जागी माझा आवाज घेतला होता, आणि मी त्यांना हे दाखवलं होतं.

मग दाराचा आवाज. मी बाहेर गेले तो. त्यानंतर बोलणं नाही, रडणं नाही. फक्त फट फट, फट फट, असं काहीतरी एका लयीत. मधे जरा थांबे, पुन्हा सुरू होई. परत दार वाजेपर्यंत ते चाललं होतं. कशाचा आवाज असावा, काही केल्या कळेना.

सून कामावरून आली तेव्हा मी अजून तिथेच होते. चहाही केला नव्हता. माझा चेहरा पाहून तिनं पर्स हातातच ठेवली.

"बरं नाही का आई?"

"ये, बस," मी म्हटलं. "अपडेट मी केलं होतं. त्या दिवशी सकाळी."

"माहीत आहे. तुम्ही 'घे बाई, हो, आता गप्प बस' असं त्याला म्हणालात तेव्हा मी इथेच पांघरुणं आवरत होते."

"मग बोलली का नाहीस?"

उत्तर हेडफोनमध्ये होतंच. मग मी तिला सगळं सांगितलं. राहिलेलं रेकॉर्डिंग, मुलांनी ऐकलेलं, हसलेली मुलं, गप्प झालेली मुलं. तुझ्या आईचं नाव मी काढायला नको होतं, चुकले, माफ कर, असं म्हटलं. म्हणताना आवाज फुटला, आणि तो लपवायचा कसा हे मला माहीत नव्हतं.

"चालू आहे हे मला दिसलं होतं," ती हळूच म्हणाली. "लाल खूण होती. पण तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात."

"आणि मी गेल्यावर ते फट फट कसलं वाजत होतं?"

ती ओशाळली. ओशाळायचं खरं तर मी, पण ओशाळली ती.

"वारा घालत होते लॅपटॉपला. फाइलच्या पुठ्ठ्यानं," ती म्हणाली. "रजई ओढून काढायची, तर बोट लागलं असतं. आणि मुलांचा धडा आत होता ना."