बंद टॅबचा फोटो

होटगीजवळच्या शाळेत धम्मप्रिया चौथीला शिकवायची. मोबाइलवर मुलांचं वाचन रेकॉर्ड करून ती ते त्यांनाच ऐकवायची. घरी कन्नड बोलणारी अक्षता स्वतःचा आवाज ऐकून अडलेला शब्द आपणच सुधारायची.

असंच वाचन चालू असताना मुख्याध्यापक आत आले आणि कपाटातले टॅब काढून मुलांच्या हातात देऊ लागले. एकही चालू नव्हता. एकाची काच तडकलेली, तर दुसऱ्याला उंदराच्या लेंड्या चिकटलेल्या.

"हसा रे! बोट काचेवर ठेवा. डिजिटल शाळा म्हणून फोटो वर पाठवायचाय."

"सर, ह्ये चालूच हुईना की," अक्षता म्हणाली.

"गप बस. फोटोत काय कळतंय?"

मग सगळी मुलं हसली, अक्षतासुद्धा. धम्मप्रियाला शिसारी आली. लेंड्यांपेक्षा त्या हसण्याची जास्त. तिने टॅब गोळा करून कपाटात कोंबले.

"माझ्या मुलांचा फोटो जाणार नाही, सर."

मुख्याध्यापकांनी शेजारच्या वर्गाचा फोटो पाठवला. शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं, पेढे वाटले गेले. धम्मप्रियाने पेढ्याला हातही लावला नाही.